एका धाग्यातले तीन कागद

लहानुभाऊंनी पहिल्या दिवशी माझे हात पाहायला मागितले.

"हात दावा बाई."

मी दोन्ही हात पुढे केले. नागपूरला इतिहासात एम.ए. झालेली, जिल्ह्याच्या साहेबांच्या सहीचं परवानगीपत्र पर्समध्ये घेऊन आलेली मी, आणि धोतर-बंडीतला एक वाळका, उंच माणूस माझे तळवे उलटेपालटे करून पाहत होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर फाउंटनपेनचा निळा डाग होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय व्हय?"

"शाई."

"शाई बाहेर. शिसपेन आत. अना त्या बांगड्या काढून ठेवा जी, कागदाले ओरखडते."

"माझं पत्र तरी वाचा आधी," मी जरा चिडून म्हटलं.

"मले वाचता नाई येत," ते अगदी सहज म्हणाले. "मास्तर आले का वाचतीन. तवर हात धुऊन घ्या."

रेवती, तू परवा फोनवर सांगितलंस, की विद्यापीठ तुला जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात बसायला पाठवणार आहे, आणि त्याआधी तुम्हा मुलांना दोन दिवस शिकवणार आहेत: कागद कसा मागवायचा, कसा उलटायचा, टिपणं कशी ठेवायची. "आजी, तुला हे कोणी शिकवलं होतं गं?" असं तू विचारलंस. मी "एका दप्तऱ्यानं" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. ते उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. पुरं उत्तर लिहून पाठवते आहे. तुझ्या भावालाही वाचायला दे.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या. कुरखेड्याच्या बाजूला एका जुन्या जमीनदारीची कचेरी होती; गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्या कचेरीतले दोन-तीन पिढ्यांचे कागद सरकारच्या ताब्यात आले होते, पण ते न्यायला कोणी आलं नव्हतं. ते तिथेच राहिले आणि त्यांच्याबरोबर जमीनदाराचा जुना दप्तरीही राहिला. दप्तरी म्हणजे कागदांचे बस्ते, फडक्यात बांधलेले गठ्ठे, बांधणारा, सोडणारा, त्यांना वाळवी लागू न देणारा. तेच लहानुभाऊ.

माझा विषय होता त्या भागातले तलाव: ते कोणी बांधले, त्यांची पाळ, म्हणजे माती-दगडांचा बांध, कोण राखत असे, पाणी आणि मासळी कोणाची. मी छोट्या गाडीनं वडशाला उतरले, तिथून मोटारीनं आणि शेवटी बैलगाडीनं त्या गावी पोचले आणि शाळेच्या मास्तरांच्या घरी राहिले. पंधरा दिवसांत काम उरकेल असा माझा हिशेब होता. मी चार महिने राहिले.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "तलावांचे कागद काढून द्या."

लहानुभाऊ हसले. "बाजारात भाजी मागते तसे नका मागू जी. तलावाचे कागद असं काई नसते. कागद असते, तलाव त्याच्यात असते."

आठ दिवस त्यांनी मला एकाही कागदाला हात लावू दिला नाही. ते बस्ता आणून समोर ठेवत, वरच्या फडक्याची गाठ मला पाहायला लावत, मग सोडत. आत दोऱ्यात ओवलेल्या कागदांच्या जुड्या असत. ते एकेक कागद उलटत आणि विचारत, "हा इथी काऊन बसला?"

मी कागद वाचून त्यातला मजकूर सांगे.

"काय लिवलं ते नाई विचारलं बाई. इथी काऊन बसला ते सांगा."

एकदा पाळीच्या दगडकामाच्या कागदांमध्ये दोन रेडे मेल्याची नोंद निघाली. मी म्हटलं, "हा चुकून इकडे आलाय, गुरांच्या कागदांत हवा."

"चुकून?" लहानुभाऊंनी बस्ता मिटलाच. "दगड वाह्यता वाह्यता रेडे मेले. मंग वर्षभर दगड नाई आला. मंग पाळ अर्धीच राह्यली, अना मंग ते फुटली. तो कागद काढला तं पाळ काऊन फुटली ते कोन सांगन तुमाले?"

मी थक्क झाले. न वाचता त्यांना हे कसं ठाऊक होतं? त्यांच्या बापाकडेही हेच काम होतं. मुनशी मोठ्यानं वाची, बाप ऐके, आणि दाराशी बसलेला लहानु ऐके. त्यांनी ते सारं दप्तर कानांनी पाठ केलं होतं. कागदाचा रंग, कसरीनं पाडलेलं भोक, दोऱ्याचा पीळ यांवरून ते कागद ओळखत. "तुमी वाचता, मी वळखतो," असं म्हणत. "कागदाले बी शेजार असते बाई. शेजाऱ्याले विचारल्याबिगर त्याची गोठ खरी नोको मानू."

टिपणं कशी घ्यायची तेही त्यांनीच शिकवलं. माझ्या वहीत आधी बस्त्याच्या फडक्याचा रंग, मग कितवा दोरा, मग वरचा कागद कोणता नि खालचा कोणता, आणि हे झाल्यावरच मजकूर. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. "आधी घर लिवा, मंग मानूस लिवा," ते म्हणत, आणि मी लिहिते की नाही हे मास्तरांकडून वाचून घेत. एकदा मला शिंक आली, तर त्यांनी माझ्यासमोरून बस्ता उचलला आणि "आज तुमची सुट्टी" म्हणून दार लावून घेतलं. त्यांच्या बायकोला, अनसाबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मले का सांगता बाई? चाळीस वर्सं झाले लगनाले. माह्यापुढी कवा इतके सांभाळून नाई बसले."

लहानुभाऊ जातीनं ढिवर. गावालगतच्या मोठ्या तलावावर त्यांच्या भावकीची घरं मासे धरत, शिंगाडा लावत आणि दर उन्हाळ्यात पाळीची माती-दगड करत. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. त्याचा आधार दप्तरात होता: एका दोऱ्यात ओवलेले तीन कागद. वर तलावाचा नकाशा, नावासकट. त्याखाली घरवार नावांची यादी. आणि तिसरा कागद जमीनदाराच्या शिक्क्याचा हुकूम, की सदरहू घरांनी सदरहू तलावाची पाळ राखावी, आणि त्याबद्दल मासळी नि शिंगाडा त्यांचाच राहावा. हुकुमावर तलावाचं नाव नव्हतं. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरज वाटली नाही. नकाशा वरच तर होता. हे तीन कागद मला दाखवताना लहानुभाऊंचा आवाज हळू झाला होता. मी त्यांची नक्कल वहीत उतरवली, त्यांच्या पद्धतीनं: हिरवं फडकं, चौथा दोरा, वर नकाशा, मध्ये यादी, खाली हुकूम. खाली तारीख घातली.

माझं काम संपत आलं होतं तेव्हा लहानुभाऊंच्या बहिणीच्या घरी मयत झाली. दप्तरखान्यात कोणालाही एकटं सोडायचं नाही हा त्यांचा नियम होता, सरकारचाही होता. तरीही त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "दोन दिवसानं येतो. तुमी आता परक्या नाई राह्यल्या."

मुलांनो, माझी कपाटं तुम्हाला ठाऊक आहेत. डब्यांवर चिठ्ठ्या, पत्रं वर्षवार, मसाले अक्षरानुसार. तुम्ही हसता त्याला. मी तेव्हाही अशीच होते. चार महिने त्या बस्त्यांतला गोंधळ मला खुपत होता, आणि आता निघण्याआधी लहानुभाऊंना काहीतरी देऊन जावं असं वाटत होतं. मी हिरवा बस्ता सोडला. दोरे कुजके होते, ते कापून चुलीत टाकले. नकाशे एकीकडे केले, याद्या एकीकडे, हुकूम वर्षवार, आणि ज्यांवर तारीख नाही ते शेवटी. नागपूरहून आणलेल्या पांढऱ्या फितीनं प्रत्येक जुडी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक सुंदर, सरळ, चौकोनी बस्ता तयार झाला. इतकं नीटनेटकं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

लहानुभाऊ आले. बस्त्यासमोर बसले.

"दोरे कुठी हायेत?"

"कुजले होते भाऊ. जाळले. आता पाहा, काहीही चटकन सापडेल."

त्यांनी एक जुडी उचलली, पुन्हा ठेवली. दुसरी उचलली. स्वतःच्या घरात शिरल्यावर ओळखीचं माणूस दिसू नये तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते म्हणाले, "बाई, हे काऊन केलं तुमी?"

रागावले असते तर बरं झालं असतं. आम्ही दोन दिवस बसलो. माझ्या वहीवरून आणि त्यांच्या आठवणीवरून जमेल तेवढं परत लावलं. माझ्या वहीत तलावांचेच कागद होते. बाकीचे कुठे होते ते फक्त दोऱ्यांना माहीत होतं. ते तीन कागद एकत्र आले, पण पांढऱ्या फितीत. निघताना मी रडले. लहानुभाऊच माझी समजूत घालत गाडीपर्यंत आले. "होते जी. पोट्टे पहिल्यानं जाळं टाकते तवा फाडतेच."

नागपूरला जाऊन मी प्रबंध लिहायला बसले. वर्ष उलटलं नसेल, तेव्हा मास्तरांच्या अक्षरातलं लहानुभाऊंचं पत्र आलं. जमीनदारी गेल्यावर तलाव सरकारी झाला होता आणि तो वरोऱ्याच्या एका ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. ढिवरांनी हरकत घेतली होती. चौकशीला साहेब यायचे होते. पत्रात सांगितलं होतं: "बाई, तुमची वही घेऊन या. तीन कागद एका दोऱ्यात होते येवढंच साहेबाले सांगाचं हाये. फीत कोनं बांधली ते इचारलं तं मी पाहून घेतो."

मी पत्र घेऊन आमच्या सरांकडे गेले. ते माझे मार्गदर्शक, भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तू सरकारी कागद विस्कटलेस, हे अधिकाऱ्यासमोर जबानीत येईल. तुझी पदवी राहील का? पुढच्या मुलांना कोणी दप्तरात बसू देईल का? पत्र लिहून पाठव, सभ्य भाषेत." सरांनी सल्ला दिला. न जाणारे पाय माझे होते. वडशाची गाडी रोज सुटत होती.

मी पत्र लिहिलं. अजून पाठ आहे: "सदर कागद एकत्र पाहिल्याचे स्मरते." वही पाठवली नाही, कारण तीत फितीचीही नोंद होती. मी सगळंच लिहून ठेवते.

चौकशीत काय झालं ते मास्तरांनी नंतर सांगितलं. ठेकेदाराच्या वकिलानं माझं पत्र हातात घेऊन विचारलं, "स्मरते म्हणजे काय? बाईंना स्वतः यायला काय झालं?" मग त्यानं फीत दाखवली. "कागद आज्याच्या वेळचा आणि फीत कालच्या दुकानातली. कोणी बांधली?"

"मी," लहानुभाऊ म्हणाले.

"तुला वाचता येतं?"

"नाई जी."

"मग कोणता कागद कशाचा हे तुला कसं कळतं?"

"तुमच्या घरचे मानसं तुमी चेहरा पाहून वळखता का नाव वाचून?"

सगळे हसले, साहेबही हसले. पण निकालात त्यांनी लिहिलं, की हुकुमात तलावाचं नाव नाही, आणि नकाशा नि यादी मुळात त्या हुकुमासोबत होती याला भरवशाचा पुरावा नाही. तलाव गेला. सरकारी कागदांत ढवळाढवळ केली म्हणून लहानुभाऊंचं कामही गेलं. बस्ते गाडीत घालून नेले तेव्हा ते कचेरीच्या पायरीवर उभे होते, आणि गाडीवानाला सांगत होते, की हिरवा वर ठेव, खाली दबला तर चिरडेल. भावकीतल्या कोणी त्यांच्याशी वर्षभर बोललं नाही. त्यांच्या हातात दप्तर होतं आणि त्यांच्याच हातून घर बुडालं, असं सारे म्हणत. लहानुभाऊंनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही.

मला पदवी मिळाली. मग कॉलेजात नोकरी. जवळजवळ तीस वर्षं मी मुलांना दप्तरखान्यांत घेऊन गेले आणि प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी हात दाखवायला लावले. मुलं घरी जाऊन माझ्या नकला करत. शाई बाहेर, आधी घर मग माणूस, गाठ सोडण्याआधी गाठीचं चित्र काढून घ्या, दोरा कुजका असला तरी फेकू नका. "हे मला एका दप्तऱ्यानं शिकवलं," एवढं सांगून मी थांबत असे. मुलांना वाटे, बाई किती नम्र आहेत. कागद विस्कटले ती चूक मला कधीतरी माफ होईल. शिकाऊ हातांची होती. बोलावणं आलं आणि मी गेले नाही, ते कशात बसवायचं ते मला आजवर कळलेलं नाही. तुलाही तिथे कागदांतून जिवंत माणसं भेटतील, रेवती. त्यांच्यातल्या कोणी हाक मारली तर पत्र लिहू नकोस. जा.

लहानुभाऊ त्या निकालानंतर दोन वर्षांत गेले. मास्तरांनी कार्ड टाकलं, ते मला उशिरा मिळालं. पण त्याआधी एकदा मी त्यांना भेटले होते. पदवी हातात आल्यावर, म्हणजे कोणालाच काही उपयोग उरला नव्हता तेव्हा, मी वही घेऊन त्या गावी गेले.

अनसाबाई अंगण सारवत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. "आता आल्या जी? वही आनली का?"

"आणली."

"मंग जा. पाळीवर हायेत. ठेकेदाराचे जाळे शिवून राह्यले."

पाळीवर भर दुपार होती. लहानुभाऊ मांडीवर जाळं घेऊन बसले होते. आपल्याच तलावावर ते आता दुसऱ्याच्या जाळ्याची भोकं सांधत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. "बसा बाई. दुबळ्या झाल्या. खात नाई का तिकडे?"

मी त्यांच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "भाऊ, मी यायला हवं होतं."

त्यांनी सुईत दोरा ओवला. "हौ," ते म्हणाले. "या लागत होतं." तेवढंच. मग थोड्या वेळानं, "वहीत ते यादी हाये ना? वाचा बरं. मुनशी मेल्यापासून कोनं वाचली नाई मले."

मी वाचू लागले. कवडू वल्द सुकरू, ढिवर. बुधा वल्द गणू, ढिवर. फागू वल्द डोमा, ढिवर.

"थांबा. फिरून वाचा."

"फागू वल्द डोमा, ढिवर."

"माहा आजा," ते म्हणाले. सुई थांबली होती. "कोनतं अक्षर व्हय ते? दावा."

मी दाखवलं. माझंच अक्षर, शिसपेनचं. ते वाकून त्या ओळीकडे पाहत राहिले, जणू तिथून कोणी वर पाहील. खाली तलावात ठेकेदाराची माणसं जाळं ओढत होती आणि मरळ मासे उन्हात चमकत होते. कोणीतरी "लहान्या, झालं का बे जाळं?" म्हणून ओरडलं. ते ओरडणारं पोरगं त्यांच्या नातवाच्या वयाचं असेल.

"होऊन राह्यलं जी," लहानुभाऊंनी उत्तर दिलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मिटा बाई ते वही. ऊन लागून राह्यलं कागदाले."